तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे

लिफ्ट पुन्हा अडकली होती, आणि मिस्त्री येऊन पोचेपर्यंत पुन्हा सुटलीही होती.

"आत्ता, आत्तापर्यंत अडकलेली होती," बिल्डिंगचे सेक्रेटरी म्हणाले. "तुमची स्कूटर दिसली आणि चालू झाली. तुम्हाला घाबरते वाटतं."

"बायको सोडून सगळ्या घाबरतात मला," मिस्त्री म्हणाला आणि हत्यारांची पिशवी खांद्यावरून खाली ठेवली.

सेक्रेटरी हसले नाहीत. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली तरी शर्टाची वरची गुंडी लावून फिरणारा माणूस. हसला तर गुंडी तुटेल अशी भीती असावी.

लिफ्ट जुनी, जाळीच्या सरकत्या दाराची. आतली जाळी ओढायची, बाहेरचं दार लावायचं, बटण दाबायचं, मग ती आधी खोकायची आणि नंतर निघायची. बिल्डिंगही तशीच. दुसऱ्या मजल्यावर बारावीचा क्लास, तिसऱ्या-चौथ्यावर ऑफिसं, त्याच्यावर राहती घरं. खाली शिक्षण, मधे नोकरी, वर संसार. माणसाचा आख्खा जन्म एका जिन्याला टांगलेला.

मिस्त्रीने सगळं परत तपासलं. गच्चीवरच्या मशीनरूममध्ये जाऊन मोटर बघितली, ब्रेक बघितला, दोर बघितले, दाराचे सगळे कॉन्टॅक्ट घासून पुसले. लिफ्ट दहा वेळा खाली-वर केली. शहाण्या मुलीसारखी वागली. पाहुणे गेल्यावर अंगात येतं, तसलं कार्टं होतं ते.

"तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधेच अडकते," सेक्रेटरी म्हणाले. "रोज. कधी दुपारी, कधी संध्याकाळी. आतल्या माणसाला विचारलं तर म्हणतो, आपोआप थांबली, आपोआप निघाली."

"भूतबीत?"

"मिस्त्री, मी विनोद करत नाहीये."

"मी कुठे करतोय? मला आता भूत मिळालं तरी चालेल. निदान साहेबाला सांगता येईल."

साहेब म्हणजे मिस्त्रीच्या कंपनीचा साहेब. वयाने मिस्त्रीपेक्षा लहान, पण फोनवर बापासारखा. त्याने कालच ऐकवलं होतं, "त्या बिल्डिंगची आणखी एक कंप्लेंट आली ना, तर किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवायच्या आणि घरी बसायचं. मला कारणं नकोत." पन्नाशी ओलांडलेल्या मिस्त्रीला घरी बसवलं तर पुन्हा कोण उठवणार? नव्या लिफ्टना मिस्त्री लागत नाही, लॅपटॉप लागतो. मिस्त्रीला लॅपटॉप उघडता येत होता. पुढचं येत नव्हतं.

आणि घरी बसायचं म्हणजे तरी कुठे बसायचं?

घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत आई पलंगावर. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून टीव्ही शेजाऱ्यांसाठीही लावलेला असायचा. त्याच खोलीच्या कोपऱ्यात दहावीतली मुलगी कानात कापूस घालून अभ्यासाला. आई काहीतरी मागायची, मुलीला ऐकू यायचं नाही. मुलगी काहीतरी विचारायची, आजीला ऐकू यायचं नाही. मधे बायको. ती दिवसभर पाळणाघरात दुसऱ्यांची पोरं सांभाळून यायची आणि घरी आल्यावर ज्यांना पोरं म्हणता येत नाही अशी पोरं सांभाळायची.

त्या रात्री मिस्त्री जेवायला बसला तेव्हा ती मोरीपाशी कढई घासत उभी होती. कढई मघाशीच घासून झाली होती, त्याने बघितली होती.

"किती घासशील? भोक पडेल."

"काही नाही."

"काय झालंय?"

"काही नाही म्हटलं ना."

"मग मीच सांगतो काहीतरी. आज सेक्रेटरी म्हणाले, लिफ्ट मला घाबरते."

तिने कढई पालथी घातली, मग सुलटी केली आणि पुन्हा घासायला घेतली. "तुमची थट्टा झाली की सांगा. मग मी जेवीन."

बाहेरून आई ओरडली, "अगं, जरा इकडे ये गं!" मुलगी ओरडली, "आई, आजीला सांग ना गप्प बसायला!" बायकोने नळ बंद केला, हात पुसले आणि गेली. ती गेल्यावर मिस्त्रीने कढई हातात घेऊन बघितली. चेहरा दिसत होता तिच्यात. स्वतःचा. त्याने ती पटकन जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्याने जे केलं ते नियमात बसत नव्हतं. नियमात तो स्वतः तरी कुठे बसत होता? लिफ्ट पहिल्या मजल्यावर उभी करून, दुसऱ्याचं दार किल्लीने उघडून तो लिफ्टच्या टपावर उतरला, दार आतून लावून घेतलं आणि मांडी घालून बसला. चालू लिफ्टच्या डोक्यावर बसायचं म्हणजे अंग चोरून बसावं लागतं. शेजारून वजनाचा लोखंडी ठोकळा जातो, त्याला माणूस आणि भिंत यातला फरक कळत नाही. टपाला पंख्याची जाळी होती. त्यातून खालचा उजेड यायचा, आणि आवाजही.

फॉल्ट जेव्हा होईल तेव्हा आपण तिथे असायचं, एवढीच त्याची अक्कल होती.

सकाळ तशीच गेली. लोक चढले, उतरले, खोकले. एकाने नाकात बोट घातलं, ते वरून नको तेवढं स्पष्ट दिसलं.

मग चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसातल्या मॅडम आल्या. मिस्त्री त्यांना ओळखत होता. छातीशी कायम फायलींचा गठ्ठा, तोंडात कायम "हो सर". लिफ्ट निघाली. तिसरा मजला गेला, आणि मॅडमनी बोटभर जाळी सरकवली.

लिफ्ट गचकन थांबली.

थांबणारच. जाळी उघडली की कॉन्टॅक्ट तुटतो, लिफ्ट जागच्या जागी उभी राहते. जाळी लावा, बटण दाबा, पुन्हा चालू. बिघाड नाही, काही नाही. मिस्त्री कपाळावर हात मारायचा राहिला, आवाज झाला असता म्हणून.

मॅडमनी फायली खाली ठेवल्या. घसा साफ केला.

"हो सर," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "लगेच देते सर. तुमच्या खुर्चीला वाळवी लागो सर. तुमचं पेन ऐन सहीच्या वेळी सुको. मोठ्या मीटिंगला तुमच्या शर्टाचं मधलंच बटण तुटो, आणि ते नेमकं मोठ्या साहेबांच्या चहात पडो. तुम्ही ज्या ज्या रांगेत उभे राहाल, ती ती रांग थांबो."

थोडा विचार केला आणि पुढे म्हणाल्या, "आणि मेल्या, तुला माझ्यासारखीच एक सून मिळो, जी तोंडावर फक्त हो म्हणेल."

मग केस सारखे केले, फायली उचलल्या, जाळी लावली. लिफ्ट निघाली. चौथ्या मजल्यावर दार उघडताच बाहेर कोणालातरी म्हणाल्या, "हो सर, तीच फाइल आणायला गेले होते सर."

मिस्त्रीने टपावर तोंडात रुमाल कोंबला होता. हसू दाबायला.

तो रुमाल काढायच्या आत क्लासची एक मुलगी शिरली. पाठीवर एवढं दप्तर की दप्तरच मुलीला घेऊन आल्यासारखं. तिने सरळ सातव्याचं बटण दाबलं. क्लास दुसऱ्यावर, सातव्यावर हिचं काय काम? पण सातव्यापर्यंत जायचंच नव्हतं. त्याच जागी तिनेही जाळी सरकवली. दप्तर खाली काढलं, चेन उघडली, गुडघ्यावर बसून आख्खं डोकं दप्तरात घातलं आणि किंचाळली.

आवाज दबलेला होता, वह्या-पुस्तकांत मुरलेला. पण टपाचा पत्रा थरथरला. मिस्त्रीच्या मांडीखाली कळलं ते.

मग तिने डोकं बाहेर काढलं, चेन लावली आणि दप्तर पाठीवर घेतलं. शांतपणे जाळी लावली. खाली दुसऱ्यावर उतरली तेव्हा कोणीतरी विचारलं, "टेस्ट कशी गेली गं?" तर म्हणाली, "मस्त."

आता मिस्त्रीला हसू आलं नाही. त्याला घरचा कोपरा आठवला, कानातला कापूस आठवला. आपल्या पोरीचं दप्तर कधी उघडून बघितलं नाही आपण, असं त्याला वाटून गेलं.

जेवणं झाली असतील-नसतील, तेवढ्यात सेक्रेटरी आले. गुंडी लावलेली. काखेत पेपर. मिस्त्री सावध झाला. हा माणूस जाळी तपासेल, वाकून बघेल, कदाचित वरही बघेल.

सेक्रेटरींनी तिसरा मजला जाऊ दिला. जाळी सरकवली. पेपर जमिनीवर पसरला, त्यावर बसले, भिंतीला टेकले आणि गुंडी काढली.

"आलं गं, आलं दूध," ते समोर कोणी नसताना म्हणाले. "मघाशीच आलं. तापवून ठेवलंय. हो. आलं."

आणि झोपले. दिवा बंद करावा तसे.

मिस्त्री वरून बघत राहिला. पेपरवर आडवे पसरलेले पाय, उघडं तोंड, घोरणं. पंखा खडखड फिरत होता. विहिरीसारख्या त्या पोकळीत बाकी काही आवाज नव्हता. टीव्ही नव्हता. "अगं इकडे ये" नव्हतं. साहेब नव्हता. मिस्त्रीने दोराला पाठ टेकली. फक्त टेकली. शोध लागलाच होता, आता पाच मिनिटं टेकायला हरकत नव्हती.

मिस्त्रीच्या फोनवर मुलीने कोंबड्याची बांग लावून दिलेली होती. बाबा नेहमी दुसऱ्यांची टिंगल करतात, त्यांची पण होऊ दे एकदा, म्हणून. ती बांग सात मजली पोकळीत घुमली तेव्हा खाली सेक्रेटरी "कोण? कोण?" करत उठले आणि त्यांचं डोकं जाळीवर आपटलं. वर मिस्त्रीचं दोरावर आपटलं.

"कोण आहे वर?"

"मी. मिस्त्री."

"तिथे काय करताय?"

"फॉल्ट शोधतोय."

सेक्रेटरींनी आपटलेलं डोकं चोळलं.

"सापडला?" सेक्रेटरींनी हळूच विचारलं.

"पेपर टाकून बसलाय."

फोन थांबला आणि पुन्हा आरवायला लागला. मिस्त्रीने तो कानाला लावला. साहेबाचा आवाज खालीसुद्धा ऐकू गेला असणार, कारण साहेब फोनवर बोलत नसे, फोन नसता तरी चाललं असतं. "कंप्लेंट आलीय! आत्ता! लिफ्ट मधेच उभी, लोक खोळंबलेत, आणि तू कुठे आहेस? काल काय सांगितलं होतं? संध्याकाळी किल्ल्या आणून दे. बास."

"साहेब, ऐका तरी—"

साहेबाने ऐकलं नाही. मिस्त्रीने फोन खिशात टाकला. विनोद सुचतोय का ते बघितलं. सुचला नाही.

"कसल्या किल्ल्या?" खालून आवाज आला.

"नोकरीच्या."

खाली पेपरची घडी घातल्याचा आवाज झाला. घडी बराच वेळ चालली होती.

"किती वेळ आहात तुम्ही वर?"

"सकाळपासून."

"म्हणजे माझं—"

"घोरणं ऐकलं. बाकी काही ऐकलं नाही," मिस्त्री म्हणाला. खोटंच, पण लगेच म्हणाला.

सेक्रेटरी मग स्वतःच म्हणाले, "बायकोच्या लक्षात राहत नाही हल्ली काही. दूध आलं का, दिवसभर तेवढंच विचारते. मी सांगतो, आलं. वळून परत विचारते. ओरडलो तर रडते, आणि का रडते ते पण विसरते. मग परत दूध." ते थांबले. "शेजारची मुलगी थोडा वेळ बसते तिच्यापाशी. तेवढ्यात मी इथे येतो. माझ्या पाच मिनिटांनी कोणाचं काय बिघडतं?"

"मग तक्रारी कशाला करत होतात हो?"

"त्या वेगळ्या! मी थांबवतो ते मला माहीत असतं. पण इतर वेळीही अडकते ना? ती तर खरी अडकते!"

"इतर वेळी इतर लोक असतात."

"काय सांगता!"

"घरोघरी मातीच्या चुली, सेक्रेटरी. तुमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांनी मिळून एकच पेटवलीय एवढंच."

तोवर खालून आरडाओरडा सुरू झाला होता. सेक्रेटरींनी गुंडी लावली, जाळी लावली आणि बटण दाबलं. लिफ्ट चौथ्यावर थांबली तेव्हा बाहेर घोळका होता. सगळ्यांत पुढे फायलींचा गठ्ठा धरून मॅडम. मागे क्लासची दप्तरवाली, तीही सहाव्या-सातव्याला जायला निघालेली असावी. लिफ्ट मिळेना म्हणून जिना चढून धापा टाकत होती. पाचव्याचं दार उघडून मिस्त्री जिन्याने खाली आला. अंगभर ग्रीस, केसांत जळमटं.

"अर्धा तास!" मॅडम म्हणाल्या. "मी केली कंप्लेंट. का करू नये? रोजचं झालंय हे!"

"तुमची का वेळ होती मॅडम आत्ता?" मिस्त्रीने विचारलं.

"कसली वेळ?"

सगळे सेक्रेटरींकडे बघत होते. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "मिस्त्री वर काम करत होते," ते म्हणाले. "त्यांच्यामुळे थांबली होती."

मिस्त्रीने त्यांच्याकडे बघितलं. रागाने नाही. रागाला ताकद लागते. "बरोबर आहे," तो म्हणाला. "माझ्यामुळेच. चला, येतो मी. उद्यापासून दुसरा मिस्त्री येईल. तरुण आहे, लॅपटॉपवाला. तो पहिल्यांदा ही जाळी काढेल आणि पत्र्याचं बंद दार बसवेल. आत कॅमेरा. मधे थांबवायची सोयच नाही." त्याने पिशवी उचलली. "चांगलंच आहे. फक्त आत कोणी काही बोललं, तर ते सगळं बाहेरच्या स्क्रीनवर दिसतं म्हणे. मॅडम, साहेबांच्या शर्टाचं बटण तुटलं का हो?"

मॅडमच्या हातातली वरची फाइल खाली पडली.

दप्तरवालीने दप्तर पाठीवरून पुढे घेतलं आणि पोटाशी धरलं. मिस्त्रीने तिच्यावरून नजर काढून घेतली. तिच्याबद्दल बोलायचं नव्हतंच त्याला.

"थांबा हो," सेक्रेटरी म्हणाले. कान लाल झाले होते. "तुम्ही लगेच निघालात. मी... तसं नाही. मिस्त्री वर होते हे खरं. पण लिफ्ट मी थांबवली होती. जाळी सरकवून. झोपलो होतो मी आत."

कोणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं.

"रोज?" मॅडमनी विचारलं.

"रोज नाही. जवळजवळ रोज."

"म्हणजे मी इथे उभी राहून तडफडत होते, आणि तुम्ही आत झोपला होतात?" मॅडम पेटल्या. "दुपारची वेळ माझी असते! मी सकाळी एकदा आणि जेवणानंतर एकदा साहेबाला शिव्या द्यायला जाते, तेही बिचारी पटकन उरकते!"

बोलून गेल्या आणि मग कळलं आपण काय बोललो.

दप्तरवालीने वर्गात करतात तसा हात वर केला. "मी पण," ती म्हणाली. "पण मला फक्त एक मिनिट लागतं."

घोळक्यातून मागून कोणीतरी, ज्याला टपावरून मिस्त्रीने एकदाही बघितलं नव्हतं, म्हणालं, "मी सकाळी जातो, ऑफिस उघडायच्या आधी. तेव्हा कोणाला त्रास नसतो."

मग जे भांडण जुंपलं! लिफ्ट का थांबवली यावरून नाही. कोण किती वेळ घेतं यावरून. मॅडम म्हणाल्या, झोपायला स्वतःचा पलंग आहे ना, सेक्रेटरी म्हणाले, तुम्हाला शिव्या द्यायला जिना चालतो की, आणि सकाळवाला म्हणाला, मुलांना कसलं आलंय टेन्शन? तर दप्तरवालीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने सगळ्यांसमोर माफी मागितली. शेवटी वेळा ठरल्या. तोंडीच. दप्तरवालीला क्लास सुटल्यावर, मॅडमना जेवणानंतर, सेक्रेटरींना त्याच्या आधी. बाकीच्यांनी दोन दारं सोडून पलीकडच्या बिल्डिंगमध्ये लिफ्ट शोधावी.

मॅडमनी कंपनीला फोन लावून तक्रार मागे घेतली. सेक्रेटरींनी साहेबाशी बोलून सांगितलं की जाळी नीट लावली नव्हती, चूक आमची. साहेब म्हणाला, ठीक आहे, या वेळी. पण पुढची कंप्लेंट शेवटची, मग चूक कोणाचीही असो. मिस्त्रीच्या किल्ल्या राहिल्या. इतक्या सगळ्यांना वेळ वाटून दिली, पण मिस्त्री, तुम्हाला कोणती हवी, असं कोणी विचारलं नाही. त्याच्याही ते लक्षात आलं स्कूटरला किक मारताना.

मग काही दिवस त्या बिल्डिंगमधून एकही फोन आला नाही. साहेब खूश. "काय केलंस रे?"

"तेल घातलं."

"तुझ्या हाताला गुण आहे. मग आता असं कर, अशाच आणखी तीन बिल्डिंगी रडतायत, त्या पण तू घे."

काम चांगलं केलं की काय मिळतं? काम.

त्या दिवशी घरी पोचला तेव्हा मिस्त्रीचे पाय दुखत होते, आणि बायको मोरीपाशी उभी होती. बाहेर टीव्हीवर कोणीतरी कोणालातरी घराबाहेर काढत होतं. त्याने तिला सगळं सांगितलं. आधी गंमत म्हणून सुरू केलं, मॅडमच्या शापांची नक्कल केली, सेक्रेटरींचं घोरणं काढून दाखवलं. ती हसेल म्हणून थांबला.

ती हसली नाही. हात पाण्यात तसाच ठेवून म्हणाली, "आत पंखा आहे का हो?"

"आहे. खडखडतो."

"चालेल." मग थोड्या वेळाने, "आणि कोणी हाक मारली तर ऐकू येते आत?"

"नाही येत. मधे भिंत असते चारी बाजूंनी."

"हं," ती म्हणाली. कढई तशीच अर्धी घासलेली ठेवून बाहेर गेली, आईला पाणी द्यायला. मिस्त्री विचार करत बसला की हिने इतक्या वर्षांत काय मागितलं. साडी, नाही. माहेर, नाही. एकदा म्हणाली होती, मिक्सरचं भांडं बदला.

दुसऱ्या दिवशी, पाळणाघरातली पोरं दुपारची झोपतात त्या वेळात, ती बिल्डिंगच्या दारात उभी होती. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली, बँकेत पहिल्यांदा आलेल्या माणसासारखी. सेक्रेटरींची वेळ नुकतीच संपली होती. मॅडमची सुरू व्हायची होती.

"कुठे दाबायचं?" तिने विचारलं.

"चार. तिसरा गेला की जाळी बोटभर ओढ. घाबरायचं नाही, काही होत नाही. निघायचं असेल तेव्हा लाव आणि परत दाब."

"आणि तुम्ही?"

"मी आहे इथे खाली."

दार लागलं. लिफ्ट खोकली आणि वर गेली. एक, दोन, तीन. मग थांबली. मिस्त्रीने मान वर करून बघितलं. जाळीतून लिफ्टचं काळं बूड दिसत होतं. आवाज येत नव्हता. रडण्याचा नाही, बोलण्याचा नाही, कसलाच नाही. फक्त पंखा.

मॅडम रस्त्यावरून आत आल्या. फायली, घाम, पायातल्या चपलेचा अंगठा तुटलेला. त्यांनी बटण दाबलं, लिफ्ट हलली नाही. मग त्यांनी वर बघितलं आणि मिस्त्रीकडे बघितलं.

"कोण आहे आत? ही वेळ माझी."

"फॉल्ट आहे."

"फॉल्ट आपण काढला होता, मिस्त्री. ठरलं होतं. कोणाचा फॉल्ट?"

"माझ्या घरचा."

मॅडमनी पर्समधून फोन काढला. कंपनीचा नंबर त्यात होता, मिस्त्रीला माहीत होतं. एक फोन, आणि किल्ल्या साहेबाच्या टेबलावर. या वेळी कोणी काही म्हणू शकलं नसतं, चूक खरंच त्याची होती. त्याला पटकन काहीतरी बोलायला हवं होतं. हसवायला हवं होतं. तो नुसता उभा राहिला, हात बाजूला सोडून.

"सकाळपासून," मॅडम म्हणाल्या, "त्या माणसाने मला तीच फाइल चार वेळा बदलायला लावली आहे. चार वेळा. आणि तुम्ही..." त्यांनी पुन्हा वर बघितलं. "किती वेळ झाला त्यांना?"

"आत्ताच गेली."

मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला. तुटलेल्या चपला काढून हातात घेतल्या. "चार मजले आहेत, मिस्त्री. वर पोचेपर्यंत माझ्या साहेबाचं आणि तुमचं, दोघांचं वाटोळं चिंतणार आहे मी."

"चिंता."

त्या जिना चढायला लागल्या. चढता चढता मोठमोठ्याने सुरूही झाल्या, अगदी उघड्यावर. तुझ्या खुर्चीचं एक चाक तुटो. तुझ्या घड्याळात कायम सोमवार राहो. मिस्त्री, तुझ्या स्कूटरचा हॉर्न अडको आणि आख्ख्या गल्लीतून तसाच वाजत जावो. पहिल्या मजल्यावर आवाज होता, दुसऱ्यावर क्लासच्या दारापाशी आणखी चढला. तिसऱ्यावर एक लांबलचक शाप अर्धा झाला होता, तो तसाच राहिला.

मिस्त्री कान देऊन उभा होता. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या पायऱ्या मॅडम अनवाणी, अगदी हळू चढत होत्या.